दुधावरचा आळ

उदयसिंहराव घाटगे यांच्या अंगावर पहिल्यांदा गांधी उठल्या त्या दसऱ्यानंतरच्या शनिवारी, सकाळी नऊच्या सुमारास. तालमीतून येऊन, अंघोळ उरकून ते पेपर वाचत बसले होते. आधी मान खाजली, मग दंड, मग पाठ. कुसुमावती स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत माणूस बनियन काढून दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा. पाठभर रुपयाएवढ्या लाल गांधी. त्यांनी आमसुलं भिजत घातली, ते पाणी नवऱ्याच्या अंगाला चोळलं, दुपारपर्यंत सगळं ओसरलं. पित्त असेल, असं दोघांनी ठरवलं आणि विषय मिटला.

पण मिटला कसला! दिवाळी उलटून जाईपर्यंत पाच वेळा तोच प्रकार. कधी मंगळवारी, कधी रविवारी, कधी आठवडाभर काहीच नाही. वेळ मात्र ठरलेली, सकाळी नऊ-साडेनऊ. शेजारच्या भानुबेन म्हणाल्या, हे तर शीळस, म्हणजे अंगावरचं पित्तच, अजमा-गूळ द्या, ओवा आणि गूळ. तेही झालं. नेहमीच्या डॉक्टरांनी सर्दीला देतात तशी एक छोटी गोळी दिली आणि काय खाता-पिता त्यावर नजर ठेवा म्हणाले.

आता उदयसिंहराव सकाळी काय खात-पीत, हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. वीज कंपनीतून लाइन सुपरवायझर म्हणून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती. पणजोबा संस्थानच्या पागेत, आजोबा पलटणीत. त्या काळातलं घाटग्यांकडे आता काही उरलं असेल तर ती तालीम. पहाटे साडेपाचला स्कूटर काढायची, तालमीतल्या मुलामुलींना जोर-बैठका, मल्लखांब शिकवायचा, नुसतं तोंडाने नव्हे, स्वतः करून दाखवायचं. साडेसातला घरी यायचं आणि अकोट्यातल्या त्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून पितळी पेलाभर दूध प्यायचं. हे दूधही पिशवीतलं नव्हे. धाकटे बंधू प्रतापसिंह सावली गावची शेती बघत. त्यांच्या गोठ्यातल्या महेसाणी म्हशीचं दूध रोज किटलीतून येई. बोट बुडवलं तर पांढरा मोजा घातल्यासारखं दिसावं, असं दूध.

त्या दुधावर संशय पहिल्यांदा घेतला तो त्यांच्या मुलीने, संयोगिताने. ती बँकेत होती, सुभानपुऱ्यात राहायची. तिच्या सोसायटीत डिसेंबरात तपासणी शिबिर भरलं होतं. रक्ताच्या एका नमुन्यात शंभर पदार्थांची परीक्षा, तुमच्या शरीराला काय सोसतं, काय नाही ते सगळं कागदावर. तिने वडिलांना, आपल्या आबांना, स्कूटरवर घालून नेलं. आठ दिवसांनी दहा पानी रंगीत रिपोर्ट आला. भेंडी हिरवी, तांदूळ हिरवा, गहू पिवळा, शेंगदाणा पिवळा आणि दूध लालभडक. दुधातल्या प्रथिनांच्या विरोधातल्या अँटीबॉडी मोजल्या होत्या म्हणे, आणि त्या पट्टीच्या पार टोकाला जाऊन टेकल्या होत्या.

कुसुमावती एका शाळेत हेडक्लार्क होत्या, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. तीस वर्षं त्यांनी माणसांच्या सबबी ऐकल्या होत्या आणि कागदांवर विश्वास ठेवला होता. कागद लाल म्हणाला ना, मग प्रश्न संपला. त्याच दिवशी त्यांनी दूध, दही, ताक, तूप, पेढे, सगळं नवऱ्याच्या वाटेतून बाजूला केलं. खिचडीबरोबरची कढी गेली. चहा काळा झाला. संयोगिताने बदामाचं दूध आणून दिलं. उदयसिंहरावांनी ते एकदा प्यायलं आणि पेला स्वतःच विसळून ठेवला. त्यावर काही बोलले नाहीत, हीच त्यांची टीका.

किटली बंद करा, असा निरोप सावलीला गेला तेव्हा प्रतापसिंहांना तो घराण्याचा अपमान वाटला. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून म्हशीची तपासणी करून घेतली आणि तिसऱ्या दिवशी फोन केला.

"वहिनी, म्हशीचा रिपोर्ट स्वच्छ आहे. आता दादांना नीट तपासा."

कुसुमावतींनी हसून वेळ मारून नेली. हसायला त्यांना हरकत नव्हती, कारण उपाय लागू पडला होता. दूध सुटल्यापासून एक गांधी उठली नव्हती. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला, पाठ लख्ख. शाळेतल्या बायकांना त्या रिपोर्टची गोष्ट रंगवून सांगत आणि दोघींनी तर आपापल्या नवऱ्यांची नावंही शिबिरात नोंदवली.

एकच गोष्ट त्यांना खटकत होती. दूध सुटलं तसे उदयसिंहराव खचले. जिना चढताना कठड्याला हात जाऊ लागला. तालमीतून येत तेव्हा खाली दोन मिनिटं स्कूटरवरच बसून राहत. संक्रांतीच्या दिवशी, उत्तरायणला, तर कमाल झाली. दर वर्षी हा माणूस पहाटे फिरकी घेऊन गच्चीवर जायचा तो अंधार पडल्यावरच उतरायचा. या वर्षी खाली खुर्ची टाकून, मान वर करून, लोकांचे पतंग बघत बसला. भानुबेननी विचारलं, काका, चढत नाही का? तर म्हणाले, "दूध सुटलं, ताकद गेली." हे कुसुमावतींच्या मनाला लागलं. पण पाठीवरच्या गांधींपेक्षा थोडी अशक्तता परवडली, असं म्हणून त्यांनी खजुराचे लाडू करायला घेतले. बिनतुपाचे.

वसंतपंचमीला संयोगिताच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. घर सुभानपुऱ्यातच, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बसवलेली पण चालू व्हायची होती. जावई विक्रमसिंह नको नको म्हणत असताना उदयसिंहरावांनी पाट, कलश, नारळांची पिशवी असं करत तीन खेपा केल्या. कुसुमावतींनी जेवणाची सूत्रं हातात ठेवली होती. एक आख्खी पंगत दुधाशिवायची. उंधियू तेलातलं, पुऱ्या तेलातल्या, गोडाला गुळाची लापशी, तीही तेलावर परतलेली.

जेवणं दीड वाजता झाली. तीनच्या आधी उदयसिंहराव खिडकीपाशी एकटेच उभे असलेले कुसुमावतींना दिसले. त्यांनी हाक मारली. ते वळले तेव्हा त्यांचा खालचा ओठ पुरीसारखा टम्म फुगलेला होता आणि कानापासून गळ्यापर्यंत गांधीच गांधी.

घरात एकच धावपळ झाली. विक्रमसिंहांनी गाडी काढली, जवळच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शन झालं, चार तास झोपवून ठेवलं, ओठ हळूहळू जागेवर आला. श्वासाला काही झालं नाही हे नशीब, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं. पुढच्या वेळी नशिबावर सोडू नका, अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञाला दाखवा.

इकडे फ्लॅटवर स्वयंपाकाच्या महाराजांची उलटतपासणी चालली होती. कुणी म्हणालं लापशीत चमचाभर तूप पडलं असेल, कुणी म्हणालं पुरीच्या कणकेत दूध. महाराजांनी तेलाचा रिकामा डबा उचलून सगळ्यांसमोर उपडा धरला. "एक टीपुंय दूध नथी नाख्युं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका दुखावलेला होता की संयोगिताने त्यांची माफी मागितली.

दूध थेंबभरही नव्हतं. मग अंगावर उठलं काय? त्या रात्री कुसुमावतींनी तो दहा पानी रिपोर्ट पुन्हा काढून पहिल्या पानापासून वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एका छापील कागदाची शंका आली.

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टर मालविका दिघे यांचं क्लिनिक अलकापुरीत होतं. चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या, मूळच्या दांडिया बाजारच्या, जुन्या मराठी वस्तीतल्या. त्यांनी रिपोर्टची रंगीत पानं चाळली आणि हसल्या नाहीत, हे कुसुमावतींना बरं वाटलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की दुधाविरुद्धच्या अँटीबॉडी एकाच जातीच्या नसतात. या शिबिरात मोजल्या त्या आयजीजी. तुम्ही एखादा पदार्थ रोज खाता-पिता, तर त्याच्यासाठी त्या रक्तात सापडणारच.

"काकू, तुमच्या घरी कोण वारंवार येतं एवढं यावरून कळतं. कोण भांडण काढतं, ते नाही. काका जन्मभर दूध प्यायले, म्हणून दूध लाल. भेंडी आवडत नसेल त्यांना?"

उदयसिंहरावांनी मान हलवली. भेंडीला त्यांनी गेल्या चाळीस वर्षांत हात लावलेला नव्हता.

खऱ्या अ‍ॅलर्जीत बघायच्या त्या आयजीई, डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यासाठी पुन्हा रक्त घेतलं. दुधातल्या एकेका प्रथिनाची, केसिनची वेगळी, दूध फाडल्यावर उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांची वेगळी, अशी तपासणी होणार होती. ओठाचं प्रकरण झालेलं असल्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत दूध बंदच ठेवा म्हणाल्या. काही औषधं चालू आहेत का, तेही विचारलं. उदयसिंहराव म्हणाले, नाही, काही नाही. कुसुमावतींनीही ठामपणे सांगितलं, यांना गोळ्यांचा तिटकारा आहे.

चार दिवसांनी दोघं पुन्हा गेले. या वेळचा रिपोर्ट एकाच पानाचा, काळ्या शाईतला, रंग नाहीत. दुधाच्या एकाही प्रथिनाविरुद्ध आयजीई जवळजवळ नव्हतीच.

"दुधाचा संबंध दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तरी एकदा इथे बसवून, थोडं थोडं पाजून खात्री करू. पण मग गांधी कशाच्या? दूध बंद केल्यावर त्या थांबल्या, हे खरं ना?"

"अगदी खरं. दीड महिना काही नाही," कुसुमावती म्हणाल्या.

"दूध सुटल्यावर आणखी काय बदललं? कुठलीही बारीकसारीक गोष्ट सांगा."

कुसुमावतींनी आठवून सांगायला सुरुवात केली. बदललं म्हणजे यांचं चालणं बदललं. जिना चढवेना. उत्तरायणला गच्चीवर गेले नाहीत. दूध गेलं आणि गुडघ्यातली ताकदच गेली, लंगडतात चक्क.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या कुसुमावतींकडे नाही, उदयसिंहरावांकडे बघत होत्या.

"दुधात गुडघ्याचं औषध नसतं, काका."

उदयसिंहराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. छत्तीस वर्षांच्या संसारात कुसुमावतींनी हा चेहरा दोनदाच पाहिला होता. एकदा त्यांनी न विचारता पहिली स्कूटर विकली तेव्हा, आणि एकदा वडिलांचं दुखणं सगळ्यांपासून लपवलं होतं तेव्हा.

उदयसिंहरावांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, उघडलं, आणि चष्म्याखालच्या कापडाच्या घडीतून गोळ्यांची एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. दहातल्या तीन उरल्या होत्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गणपतीच्या सुमारास मल्लखांबावरून उतरताना गुडघ्यात कळ आली ती गेलीच नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी दुखण्याची गोळी घेतली. दुकानदाराने सांगितलं, रिकाम्या पोटी घेऊ नका, दुधाबरोबर घ्या. म्हणून ज्या दिवशी गुडघा फार कुरकुर करी त्या दिवशी, तालमीतून आल्यावर, गॅलरीत, दुधाच्या पेल्याबरोबर. दूध बंद झालं तशी गोळीही बंद झाली, कारण दुधाशिवाय घ्यायची नाही असं सांगितलेलं होतं आणि ते शिस्तीचे पक्के. वास्तुशांतीला तीन खेपा केल्यावर मात्र गुडघा ऐकेना. पोटभर जेवण झालेलंच होतं, म्हटलं घेऊ एक.

"गोळ्या नाहीत म्हणालात ना मला?" डॉक्टरांनी विचारलं, पण रागावून नाही.

"तुम्ही औषध विचारलंत," उदयसिंहराव म्हणाले. "रोगाला घेतात ते औषध. ही गुडघ्याची होती. ती पाठीवर कशी उठेल?"

डॉक्टर आता मात्र हसल्या. दुखण्यावरच्या या जातीच्या गोळ्या काही लोकांना अशाच उठतात, पूर्वी सोसलेल्या असल्या तरी, असं त्यांनी सांगितलं. त्या गोळीचं आणि तिच्या बहिणींचं नाव एका कार्डावर लिहून ते कायम पाकिटात ठेवायला सांगितलं, गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, आणि दूध पाजून बघायला सोमवारची वेळ ठरवली.

खाली स्कूटरपाशी आल्यावर उदयसिंहरावांनी किल्ली लावली पण सुरू केली नाही. कुसुमावती मागे बसल्या नव्हत्या. पर्स दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तालीम सोडा म्हणाली होतीस, दोन वर्षांपूर्वी. मी म्हणालो, गुडघ्याने साथ सोडली की मी तालीम सोडेन. शब्द दिला होता."

"म्हणून आमसुलं चोळून घेतलीत? म्हणून मी तुमचं दूध तोडलं, भाऊजींच्या म्हशीला नावं ठेवली, त्या बिचाऱ्या महाराजांना सगळ्यांसमोर डबा उपडा करायला लावला?"

"गोळीने होतंय हे मला खरंच ठाऊक नव्हतं, कुसुम."

"गोळीचं नाही बोलत मी. गुडघ्याचं बोलतेय."

रस्त्यावरून एक उंटगाडी चालली होती, उदयसिंहराव तिच्याकडे बघत राहिले. कुसुमावतींना राग होता तो होताच. पण दीड महिना हा माणूस दुखरा गुडघा घेऊन, गोळीशिवाय, दोन मजले चढत होता आणि वर येऊन काळा चहा निमूट पीत होता, हेही त्यांना आता दिसत होतं. आणि का, तर तालीम सुटेल म्हणून.

"मी सोडा म्हणाले ते तुम्ही वरून पडाल म्हणून," त्या शेवटी म्हणाल्या. "शिकवू नका कुठे म्हणाले? तुमच्या तालमीत खुर्ची नसते का?"

उदयसिंहरावांनी विचार केल्यासारखं केलं. "नसते," ते म्हणाले.

"मग घरची न्या." आणि त्या मागे बसल्या.

त्या संध्याकाळी कुसुमावतींनी स्वतः सावलीला फोन लावला. भाऊजी, चूक झाली, दुधाचा दोष नव्हता. प्रतापसिंहांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, सोमवारचं दूध मी घेऊन येतो. आणि खरोखरच सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, किटली मांडीवर धरून ते क्लिनिकच्या बाकावर येऊन बसले. डॉक्टरांनी ते दूध उकळून घ्यायला लावलं. पहिल्यांदा अर्धा चमचा, मग वीस मिनिटांनी एक चमचा, मग दोन, मग वाटीभर, असं करत अकरा वाजेपर्यंत पेला पूर्ण झाला. नर्स दर वेळी येऊन पाठ बघे, रक्तदाब घेई, आणि दर वेळी प्रतापसिंह दारातून डोकावून विचारत, काय म्हणतंय? दोन तास आणखी बसवून ठेवलं. पाठ लख्ख, ओठ जागच्या जागी. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, दूध चालेल. प्रतापसिंहांनी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

गुडघ्याचं निदान सरळ होतं, झीज. ऑपरेशन इतक्यात नको, व्यायाम करा. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीची मुलगी होती. पलंगावर निजून, पाय सरळ ठेवून, वीतभर उचलायचा आणि दहा अंक मोजायचे. पाचशे जोर काढलेल्या माणसाला हा व्यायाम म्हणजे थट्टा वाटली. तिसऱ्या वेळी पाय थरथरायला लागला तेव्हा वाटायची थांबली.

फाल्गुनात एका रविवारी कुसुमावती त्यांच्याबरोबर तालमीत गेल्या. इतक्या वर्षांत त्या कधी आत गेल्या नव्हत्या. दाराशीच मातीचा आणि तेलाचा वास आला. पंचवीस-तीस मुलंमुली रांगेत उभी होती. उदयसिंहराव त्यांच्यासमोर गेले आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "माझा गुडघा गेलाय. आजपासून मी करून दाखवणार नाही, सांगेन. तुम्ही कुणीही दुखणं लपवलंत तर मात्र तालमीत पाऊल ठेवू देणार नाही."

मग त्यांनी तेजश्री नावाच्या एका सडपातळ मुलीला पुढे बोलावलं. ती कॉलेजात होती, त्यांच्याच हाताखाली सात वर्षं शिकलेली. तिने हाताला राख चोळली आणि मल्लखांबावर झेप घेतली. उदयसिंहराव घरून आणलेल्या खुर्चीत बसून सूचना देत होते. कोपर आत, मान वर, घाई नको. पोरीने पकड सोडून अंग उलटं टाकलं तशी त्यांच्या दोन्ही हातांची बोटं मांडीवर आपोआप आवळली. ती सफाईने खाली उतरली. त्यांनी मान डोलावली आणि तिला तेच पुन्हा, सावकाश करायला सांगितलं.

कुणीतरी आतून एक स्टूल आणून कुसुमावतींना दिलं. त्या बसल्या.